अमेरिकन धावपटूची खरी कसोटी पदवीनंतरच्या वर्षात लागते

साताऱ्याकडच्या एका वडिलांचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा: मुलगी १७ वर्षांची आहे, ४०० मीटर हर्डल्स पळते, हँड टायमिंगवर ६२.१ सेकंद. राज्य स्पर्धेत पदक आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कोचने मेल करून रस दाखवला आहे. 'विश्वविक्रमवीर हर्डलर सिडनी मॅकलॉफ्लिनचे व्हिडिओ बघूनच ती मोठी झाली. तिथले खेळाडू घडतात कसे, टिकतात किती वर्षं, त्यांचं पोट कशावर चालतं? आणि मुलीला पाठवावं का?'

तुम्ही पोटाचं विचारलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक फक्त ट्रॅक कसा आहे, जिम कशी आहे, स्कॉलरशिप किती टक्के एवढंच विचारतात. मी २२ वर्षं ४०० मीटर आणि हर्डल्सच्या मुलामुलींना शिकवतोय. त्यातले दोन सीझन अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संघाबरोबर मदतनीस म्हणून काढले. तिथे जे पाहिलं त्यातलं एक दृश्य आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

जूनचा पहिला आठवडा होता. विभागीय फेरी संपली होती आणि आमच्या संघातले चौघेच राष्ट्रीय अंतिम स्पर्धेला पात्र ठरले होते. बाकीचे परत आले. सामानाच्या खोलीत एक टेबल मांडलेलं, मागे सामान सांभाळणारे गृहस्थ हातात यादी घेऊन बसलेले. शेवटच्या वर्षाची मुलं ओळीने येत होती. वॉर्मअपचा सूट, दोन जर्सी, प्रवासाची बॅग, सगळं टेबलावर ठेवायचं आणि यादीवर खूण झाली की सही करायची. स्पाइक्स मात्र ज्याचे त्याने न्यायचे. ४०० मीटर ४६.८ मध्ये पळणारा एक मुलगा स्पाइक्स भाजीच्या पिशवीसारख्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून निघाला. वय २२. मी विचारलं, पुढे काय? म्हणाला, सोमवारपासून विमा कंपनीत नोकरी. ४६.८ म्हणजे आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलमध्ये उभं राहण्याचं टायमिंग. तिथे त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. त्यात वाईट वागणूक कोणाचीच नव्हती, सगळ्यांनी त्याला मिठी मारली. पण त्या टेबलाशी त्याची ॲथलेटिक्समधली कारकीर्द संपली.

अमेरिकन ॲथलीटची कारकीर्द म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऑलिम्पिकचं व्यासपीठ येतं. बहुसंख्यांची कारकीर्द मात्र त्या टेबलाशी थांबते, आणि जे थांबत नाहीत त्यांचं पुढचं वर्ष सगळ्यात कठीण असतं. तुमच्या मुलीचा विचार करताना हे वर्ष समोर ठेवा.

आता सिडनी. तिची वाट इतरांची वाट नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. २०१६ ला रिओला गेली तेव्हा ती नुकती १७ वर्षांची झाली होती. २०१८ मध्ये केंटकी विद्यापीठाकडून एकच वर्ष पळाली, ५२.७५ चा कॉलेज विक्रम केला आणि लगेच व्यावसायिक झाली, न्यू बॅलन्सने तिला करारबद्ध केलं. पदवीनंतरचं ते भयंकर वर्ष तिला भोगावंच लागलं नाही. अशा मुली एका पिढीत दोन-तीन निघतात. त्याच शर्यतीत तिच्या शेजारच्या लेनमध्ये पळणारी दलिला मुहम्मद पाहा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडली, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या संघात तिला जागा मिळाली नाही, आणि रिओत सुवर्ण घेतलं तेव्हा ती २६ वर्षांची होती. २०१९ मध्ये ५२.२० पळून तिने १६ वर्षं टिकलेला विश्वविक्रम मोडला, दोनच महिन्यांत दोहाला तो ५२.१६ वर नेला. तेव्हा वय २९. तुमच्या मुलीने भिंतीवर लावायचा फोटो दलिलाचा असावा असं मला मनापासून वाटतं. सिडनीकडून तंत्र शिकावं, दलिलाकडून चिकाटी.

तिथली रचना कशी चालते ते सांगतो. अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही, आणि ऑलिम्पिक समितीला केंद्र सरकारचं नियमित अनुदान नाही. आपल्याकडच्यासारखी रेल्वे, पोलीस, सेनादल यांतली खेळाडूंची भरती तिथे जवळपास नाहीच. खेळाडू घडवण्याचं काम शाळा आणि विद्यापीठं करतात. शाळेच्या ट्रॅक संघांत दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुलंमुली पळतात, उड्या मारतात, फेकतात. त्यातून विद्यापीठाच्या संघात पोचणारे थोडे, आणि पूर्ण स्कॉलरशिप मिळणारे त्याहून थोडे. परवापरवापर्यंत वरच्या श्रेणीच्या विद्यापीठाला पुरुषांच्या संघासाठी एकूण १२.६ आणि महिलांच्या संघासाठी १८ स्कॉलरशिप देता यायच्या. अमेरिकन फुटबॉलला ८५. हे १२.६ कोच तुकडे करून तीस-चाळीस जणांत वाटायचा, कुणाला फी, कुणाला फक्त पुस्तकांचे पैसे. महिलांना ज्यादा का, तर १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी द्यावी लागते, आणि फुटबॉलच्या ८५ पुरुषांचा तोल कुठेतरी सांभाळावा लागतो. अमेरिकन महिला ॲथलेटिक्सची गेल्या पन्नास वर्षांतली भरभराट या कायद्यावर उभी आहे.

२०२५-२६ पासून नियम बदलले. न्यायालयीन तडजोडीनंतर जी विद्यापीठं नव्या व्यवस्थेत गेली, त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा उठली, पण संघात किती जण ठेवायचे यावर बंधन आलं. ट्रॅक अँड फील्डला ४५. कागदावर हे बरं दिसतं. प्रत्यक्षात कोच आता सांभाळून शिकवण्याजोग्या कच्च्या खेळाडूऐवजी उद्या गुण आणून देणारा खेळाडू शोधतो, मग तो दुसऱ्या विद्यापीठातून आलेला २२ वर्षांचा का असेना. ६२.१ वाल्या १७ वर्षांच्या मुलीसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. तुम्हाला मेल करणाऱ्या कोचला हे थेट विचारा: संघात किती जागा आहेत आणि हिची जागा कितव्या वर्षापर्यंत पक्की?

एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण तुमची मुलगी हर्डलर आहे. ४०० मीटर हर्डल्समध्ये पहिला हर्डल ४५ मीटरवर, नंतर प्रत्येक ३५ मीटरवर एक, असे दहा. दोन हर्डल्सच्या मधल्या ३५ मीटरमधून उतरण्याचं आणि उडण्याचं अंतर वजा केलं की साधारण ३२ मीटर पळायला उरतात. तुमची मुलगी बहुधा १७ स्टेप्स घेत असेल, म्हणजे एक स्टेप १.९ मीटरच्या आसपास. १५ वर यायचं तर स्टेप २.१ च्या पुढे जायला हवी. विषम स्टेप्स असतील तर प्रत्येक हर्डलला तोच पाय पुढे येतो. सम असतील तर आलटून पालटून दोन्ही पाय. ज्या मुलीला एकाच पायाने हर्डल ओलांडता येतो तिला १७ वरून थेट १५ वर जावं लागतं, मधली १६ ची पायरी तिच्यासाठी बंद. आणि थकल्यावर १५ जमले नाहीत की पुन्हा थेट १७. त्या क्षणी हर्डलपुढे पाय आपटत ती जवळपास थांबते, अर्धा सेकंद तिथेच जातो. सिडनी दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने ओलांडते, म्हणून तिची लय शेवटच्या दोनशेत तुटत नाही.

अमेरिकन हर्डलर एडविन मोझेसने हेच गणित दुसऱ्या टोकाने सोडवलं. अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात तो भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकत होता, खेळाच्या नव्हे, अभ्यासाच्या स्कॉलरशिपवर. कॉलेजला स्वतःचा ट्रॅक नव्हता, तो आसपासच्या शाळांच्या ट्रॅकवर सराव करायचा. त्याने दहाही हर्डल्सच्या मध्ये १३ स्टेप्स टिकवल्या. बाकीचे मधेच १४ किंवा १५ वर जायचे. १९७६ चं माँट्रियल ऑलिम्पिक ही त्याची पहिलीच आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथे ४७.६४ चा विश्वविक्रम. १९७७ ते १९८७ या काळात तो सलग १२२ शर्यती हरला नाही. मी माझ्या प्रत्येक नव्या मुलाला ट्रॅकवर खडूने खुणा करून त्या १३ पावलांचं अंतर दाखवतो, २.४ मीटरची एकेक स्टेप. पाच-सहा पावलांतच मुलं थांबतात आणि मागे वळून बघतात. तोवर त्यांना १२२ हा आकडा काहीच सांगत नसतो.

कॉलेजचं वर्ष मात्र मोझेसच्या शांत एकाग्रतेला अनुकूल नसतं. डिसेंबर-जानेवारीत इनडोअर सुरू होतं, मार्चमध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धा. लगेच आउटडोअर, मे महिन्यात कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या एका गटाची स्पर्धा, मग विभागीय फेरी, जूनच्या सुरुवातीला राष्ट्रीय स्पर्धा. संघाला गुण हवे असतात: पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, असे आठव्यापर्यंत. म्हणून चांगल्या हर्डलरला कॉन्फरन्सच्या एकाच शनिवार-रविवारी हर्डल्सची हीट, हर्डल्सची फायनल, कधी सपाट ४००, आणि शेवटी ४×४०० रिले पळावं लागतं. कोच दुष्ट असतो असं नाही. त्याची नोकरी त्या गुणांवर असते. आणि ऑलिम्पिक वर्षात एवढं करून पुन्हा शिखर गाठायचं असतं. २०२४ घ्या. कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा ५ ते ८ जून, ऑलिम्पिकची निवड चाचणी २१ ते ३० जून, दोन्ही युजीनच्या हेवर्ड फील्डवर, आणि पॅरिसची ॲथलेटिक्स १ ऑगस्टपासून. दोन महिन्यांत तीनदा फॉर्म शिखरावर हवा. कॉलेजात जूनला चमकलेले कित्येक खेळाडू ऑगस्टमध्ये हीटमध्येच गारद होतात, त्यामागे हेच.

निवड चाचणीबद्दल थोडं. अमेरिकेत नियम कठोर आणि साधा आहे: त्या दिवशी पहिल्या तिघांत या आणि पात्रता निकष पूर्ण करा. नाव, विक्रम, मागचं सुवर्ण, कशालाच किंमत नाही. १९९१ चा डेकॅथलॉन विश्वविजेता डॅन ओब्रायन १९९२ च्या चाचणीत आघाडीवर होता. पोल व्हॉल्टला ४.८० मीटरवर सुरुवात केली, तिन्ही प्रयत्न फसले, शून्य गुण, बार्सिलोना हुकलं. त्याआधी त्याच्यावर आणि त्याचा प्रतिस्पर्धी डेव्ह जॉन्सनवर बूट कंपनीची जाहिरात महिनोन्महिने टीव्हीवर गाजत होती. तीनच महिन्यांत त्याने ८८९१ गुणांचा विश्वविक्रम केला आणि १९९६ ला अटलांटात सुवर्ण घेतलं. २०२४ ला ८०० मीटरची ऑलिम्पिक विजेती अथिंग मू फायनलमध्ये पहिल्याच लॅपला पडली, उठून शेवटची आली, पॅरिस गेलं. २०१२ ला १०० मीटरमध्ये तिसऱ्या जागेसाठी ॲलिसन फेलिक्स आणि जेनेबा टार्मो या दोघींची वेळ हजाराव्या भागापर्यंत सारखी, ११.०६८. दोघी एकाच कोचच्या शिष्या. फेरशर्यत ठरली आणि टार्मोने माघार घेतली.

या पद्धतीला निर्दय म्हणणारे आहेत. मी तिच्या बाजूचा आहे. आपल्याकडे निवडीवरून दर मोठ्या स्पर्धेआधी जे वाद होतात, कोर्टकचेऱ्या होतात, त्यात खेळाडूचा जीव जातो. तिथे हरलेल्याला निदान आपण का हरलो हे ठाऊक असतं. पण या पद्धतीचं मोल खेळाडू कराराच्या रूपाने मोजतो, आणि आता त्याकडे येतो.

पूर्वी पैसा उघड घेताच येत नसे. जेसी ओवेन्सने २५ मे १९३५ ला ॲन आर्बरला पाऊण तासात तीन विश्वविक्रम केले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्याला ओहायो स्टेट विद्यापीठाची स्कॉलरशिप नव्हती, तो लिफ्ट चालवून फी भरायचा. बर्लिनची चार सुवर्णं घेऊन परतताना दौऱ्यातल्या पुढच्या शर्यती पळायला नकार दिला म्हणून हौशी संघटनेने त्याला बाद केलं, आणि त्याने घोड्यांशी शर्यती लावून घर चालवलं. विल्मा रुडॉल्फने १९६० ला रोममध्ये तीन सुवर्णं घेतली आणि २२ व्या वर्षी स्पाइक्स उतरवले. स्टीव्ह प्रीफाँटेन १९७५ मध्ये २४ व्या वर्षी मोटार अपघातात गेला, तेव्हा २००० पासून १०,००० मीटरपर्यंतचे सगळे अमेरिकन विक्रम त्याच्या नावावर होते, आणि तरी तो सरकारी अन्नकुपनांवर दिवस काढून झालेला होता. रेनाल्डो नेहेमायाने १९८१ मध्ये ११० मीटर हर्डल्स १२.९३ मध्ये पळून १३ सेकंदांची भिंत पहिल्यांदा फोडली आणि पुढच्या वर्षी पैशासाठी फुटबॉलकडे गेला. फुटबॉलमध्ये व्यावसायिक ठरल्याने १९८४ च्या ऑलिम्पिकला त्याला मुकावं लागलं. पुढे नियम सैल झाले, त्यात मोझेसचाही मोठा वाटा होता.

आज पैसा आहे, पण तो कुठून येतो ते बघा. पॅरिसला जागतिक संघटनेने ॲथलेटिक्सच्या सुवर्णविजेत्याला ५०,००० डॉलर दिले, अमेरिकन ऑलिम्पिक समिती सुवर्णाला ३७,५०० देते. जागतिक स्पर्धेचं सुवर्ण ७०,००० चं. हे वर्ष-दोन वर्षांतून एकदा, आणि एकालाच. रोजचं घर चालतं ते बूट कंपनीच्या करारावर. हे करार गुप्त असतात, पण त्यांचा ढाचा सगळ्यांना माहीत आहे: मूळ रक्कम, विक्रम-पदकांवर बोनस, आणि कपातीची कलमं. वर्षात ठरलेल्या संख्येने शर्यती पळला नाहीत, जागतिक क्रमवारीत ठरलेल्या जागेखाली घसरलात, दुखापतीने सहा महिने बाहेर बसलात, तर रक्कम कापली जाते. कंपनी पगार देत नाही, कारण खेळाडू तिचा नोकर नसतो. विमा, फिजिओ, कोचची फी, प्रवास, सगळं त्यातूनच. मोजक्या अव्वलांना ऑलिम्पिक समितीचा आरोग्य विमा मिळतो. देशात पहिल्या तिघांत असणाऱ्यांचं बरं चालतं. आठव्या-दहाव्या क्रमांकाचा खेळाडू सकाळी सराव करून दुपारी दुकानात उभा राहतो. २०२५ मध्ये माजी धावपटू मायकेल जॉन्सनने ग्रँड स्लॅम ट्रॅक ही मालिका सुरू केली, गटातल्या विजेत्याला १,००,००० डॉलर. तीन स्पर्धा झाल्या, चौथी रद्द झाली, आणि जिंकलेले खेळाडू बक्षिसाच्या रकमेची महिनोन्महिने वाट पाहत राहिले.

करारातली सगळ्यात दुखरी जागा ॲलिसन फेलिक्सने जगापुढे आणली. मुलीचा बाप म्हणून तुम्ही हे वाचाच. २००३ ला ती शाळेतून थेट व्यावसायिक झाली, कंपनीनेच तिची विद्यापीठाची फी भरली आणि तिने प्राथमिक शिक्षणातली पदवी पूर्ण केली. २०१८ मध्ये गरोदरपणात रक्तदाब वाढून जिवावर बेतलं, ३२ व्या आठवड्यात तातडीच्या शस्त्रक्रियेने मुलगी झाली. त्याच काळात नायकीबरोबर नव्या कराराची बोलणी चालू होती आणि पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी रकमेचा प्रस्ताव समोर होता. मे २०१९ मध्ये तिने हे वर्तमानपत्रात लिहिलं. ऑगस्टमध्ये कंपनीने धोरण बदललं, बाळंतपणाच्या आधी-नंतर मिळून १८ महिने रक्कम कापणार नाही असं जाहीर केलं. फेलिक्सने स्वतःची बूट कंपनी काढली, तेच बूट घालून टोकियोत ४०० चं कांस्य आणि रिलेचं सुवर्ण घेतलं. एकूण ११ ऑलिम्पिक पदकं. तिच्यानंतरच्या मुलींचे करार वेगळे आहेत, याचं श्रेय तिला आणि तिच्याआधी बोललेल्या अलिशिया माँटानोसारख्या धावपटूंना आहे.

ज्यांची कारकीर्द लांबली त्यांच्यात मला एकच समान धागा दिसतो: ते कमी शर्यती पळले आणि कोच वारंवार बदलला नाही. कार्ल लुइस ह्यूस्टन विद्यापीठात टॉम टेलेझकडे गेला आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. लांब उडीच्या फायनलमध्ये तो पुष्कळदा सहाच्या सहा उड्या मारत नसे. १९८४, ८८, ९२, ९६ अशी सलग चार सुवर्णं, शेवटचं ३५ व्या वर्षी. कोच बॉबी कर्सी सिडनीला अख्ख्या सीझनमध्ये मोजक्याच स्पर्धांत उतरवतात, लोक नाराज होतात, पण पॅरिसला ५०.३७ आणि २०२५ मध्ये हर्डल्स सोडून सपाट ४०० ला ४७.७८ हे त्याचं फळ आहे. गोळाफेकीचं गणित वेगळं. रायन क्राउझरने २०१६, २०२१ आणि २०२४ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णं घेतली, २३.५६ मीटरचा विश्वविक्रम तिशीनंतर केला. फेकीत ताकद उशिरा पिकते. लांब अंतरात बर्नार्ड लगाट ४१ व्या वर्षी रिओत ५००० मीटरला पाचवा आला. स्प्रिंट आणि हर्डल्सला मात्र हॅमस्ट्रिंग आणि पोटऱ्या वयाची जाणीव लवकर करून देतात.

उत्तेजकांबद्दल एवढंच: धावपटू मेरियन जोन्सने २००० च्या सिडनी शहरातल्या ऑलिम्पिकची पाच पदकं परत केली आणि २००८ मध्ये तुरुंगात गेली. तिथल्या चकाकीत हाही भाग आहे. मुलीला कुठलीही पावडर, कुठलंही इंजेक्शन, कोणीही दिलं तरी आधी तुम्हाला फोन करायला सांगा.

कमी पळण्याचं महत्त्व मी स्वतः चुकून शिकलो. माझ्याकडे तुमच्या मुलीएवढीच एक हर्डलर होती. नडगीत दुखतंय म्हणाली. समोर तीन आठवड्यांत तीन स्पर्धा होत्या, मी बर्फ लावून पळवलं. तिसऱ्या स्पर्धेत सातव्या हर्डलनंतर ती ट्रॅकवरच बसली. हाडाला तडा. आठ महिने गेले, आणि नंतर ती पूर्वीसारखी कधीच पळाली नाही. आज ती शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मला मानाने वागवते, पण सरावात कुणी नडगी चोळताना दिसलं की मी घड्याळ खिशात घालतो आणि त्या मुलाला बाहेर काढतो. तिथल्या कॉलेजच्या वेळापत्रकात असं बाहेर काढणारा कोच मिळेल का, हे तुम्हाला शोधायचं आहे.

आपल्या लोकांपैकी तेजस्विन शंकर या वाटेने नीट चालला. दिल्लीचा मुलगा, कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकला, २०१८ आणि २०२२ ला उंच उडीत कॉलेजचा राष्ट्रीय विजेता झाला, २०२२ ला राष्ट्रकुलात कांस्य, २०२३ ला एशियाडमध्ये डेकॅथलॉनचं रौप्य. हातात पदवीही आहे. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे दुसऱ्या रीतीने गेला. तो सेनादलात नोकरीला होता, पगार इथून, आणि २०२२ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर कोच स्कॉट सिमन्सकडे सराव. त्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात ५००० मीटर १३:२५.६५ पळून त्याने बहादूर प्रसाद यांचा ३० वर्षांचा विक्रम मोडला, आणि ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं रौप्य घेतलं. अविनाशला पदवीनंतरच्या वर्षाची भीती नव्हती, कारण त्याची चूल इथे पेटलेली होती. अमेरिकन खेळाडूला नेमकं हेच मिळत नाही, आणि आपण आपल्या व्यवस्थेतली ही गोष्ट उगाच कमी लेखतो.

तर मुलीला पाठवावं का? अभ्यासात मन असेल तर माझं उत्तर हो आहे, नसेल तर नाही. तिथे चार वर्षांनी हातात खात्रीने उरते ती पदवी. पॅरिसची २०० मीटरची विजेती गॅबी थॉमस हार्वर्डमधून मज्जाजीवशास्त्र शिकली आणि धावता धावता सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. अभ्यास हा तिच्या खेळाचा आधार होता. तुमच्या मुलीने विषय आधी निवडावा, मग विद्यापीठ, मग कोच.

टायमिंगबद्दल सावध राहा. हँड टायमिंगचं ६२.१ तिथे ६२.२४ धरलं जाईल, कारण ४०० मीटरला ०.१४ मिळवतात. इलेक्ट्रॉनिक टायमिंग असलेल्या स्पर्धेत एकदा पळवून अधिकृत निकाल हाती घ्या. तिथल्या बहुतेक राज्यांत शाळेच्या मुली ३०० मीटर हर्डल्स पळतात, त्यामुळे पूर्ण ४०० ची सवय असलेली मुलगी कोचला आवडते, हे तुमच्या बाजूचं आहे. बारावीनंतर वर्ष वाया घालवू नका, कॉलेजसाठी पळण्याच्या पात्रतेचं घड्याळ चालू होतं. विद्यार्थी व्हिसावर विशेष परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. २०२१ पासून अमेरिकन मुलं जाहिरातींतून पैसे कमावतात, पण परदेशी मुलींसाठी तो रस्ता व्हिसामुळे फार अरुंद आहे. तो हिशेबात धरू नका.

कोचशी व्हिडिओ कॉल ठरवा आणि मुलीला स्वतः बोलू द्या, तुम्ही बाजूला बसा. त्याला विचारायचं: गेल्या चार वर्षांत तुमच्याकडे आलेल्या ४०० हर्डलर मुलींची पहिल्या वर्षीची आणि चौथ्या वर्षीची वेळ काय? त्यांतल्या किती जणींची पदवी पूर्ण झाली? इनडोअरमध्ये हर्डलरला किती शर्यती पळवता? स्कॉलरशिप दरवर्षी नव्याने ठरते की चार वर्षांची, आणि दुखापत झाली तर काय? चांगला कोच या प्रश्नांनी खूश होतो. जो नावं आणि आकडे न सांगता ट्रॅकचे फोटो पाठवतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आणि मला तिच्या एका शर्यतीचा बाजूने काढलेला व्हिडिओ पाठवा, पाचव्या ते आठव्या हर्डलचा. फोन स्थिर ठेवा, तिच्याबरोबर फिरवू नका. ती तिथे १७ वर आहे की १८ वर घसरते, आणि डावा पाय पुढे टाकता येतो का, एवढं मला बघायचं आहे.